संध्याकाळी सात एकतीसला

३० सप्टेंबर २०२१, गुरुवार. दहा दिवसांच्या बिलाचा शेवटचा दिवस म्हणून मी कोल्हापूरच्या ऑफिसात थांबलो होतो. गावोगावच्या दूध संस्थांतून लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घनपदार्थ) आमच्या सर्व्हरवर येतं, आम्ही ते दूध संघाच्या सर्व्हरकडे पाठवतो आणि तिथून शेतकऱ्याच्या मोबाईलवर मेसेज निघतो. रात्री याच वाटेने बिलाची फाइल जायची होती, खातेनंबरांसकट.

पावणेआठला एका संस्थेच्या सचिवांचा, अण्णांचा फोन. "साहेब, पावती छापतीया, पण मेसेज येईना झालाय. लोकं काट्यापासनं हलंनात."

लॉग उघडला. ७ वाजून ३१ मिनिटांपर्यंत सगळं सुरळीत, त्यानंतर प्रत्येक नोंदीपुढे एकच ओळ, 'सर्टिफिकेट हॅज एक्स्पायर्ड', म्हणजे समोरचा सर्व्हर खरा आहे असं सांगणाऱ्या डिजिटल दाखल्याची मुदत संपली. ब्राउझरमध्ये संघाचा पत्ता टाकला तर सुरक्षित जोडणीचं कुलूप जागच्या जागी. सर्टिफिकेटची मुदत नोव्हेंबरपर्यंत. मग संपलं काय?

शेजारचा पोरगा म्हणाला, "दादा, सर्टिफिकेटचं व्हेरिफिकेशन बंद करू का? एका ओळीचं काम आहे. सकाळी परत चालू करू."

"अजिबात नाही," मी म्हणालो. पब्लिक की, म्हणजे जिच्या आधारे सुरक्षित जोडणी जुळते ती उघडी किल्ली, कुणालाही द्यायचीच असते, तिच्यात गुपित काही नाही. पण ती संघाचीच आहे हे सांगणारं सर्टिफिकेटशिवाय आपल्याकडे दुसरं काही नसतं. ते तपासलं नाही तर वाटेत बसलेला कुणीही स्वतःची की पुढे करील, आणि शेतकऱ्यांचे खातेनंबर आपण त्याच्याच कुलपात बंद करून त्याच्या हातात देऊ. शिवाय 'सकाळपर्यंत' म्हणून बंद केलेली तपासणी दोन-दोन वर्षं तशीच राहिलेली मी पाहिली आहे.

प्रत्येक सर्टिफिकेटवर त्याच्या वरच्याची सही असते, सगळ्यात वरचं ते रूट. सर्टिफिकेट तपासणाऱ्या ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरने ही साखळी एकेक कडी करून तपासली. संघाचं सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्ट या सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं, ते चालू. त्यावरचं आर३ चालू. त्यावरचं आयएसआरजी रूट एक्स१ चालू. सगळ्यात वर डीएसटी रूट सीए एक्स३: ३० सप्टेंबर, १४:०१:१५ जीएमटी. भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवले. ७:३१:१५!

खरं तर आयएसआरजी रूट एक्स१ आमच्या सर्व्हरवरच्या सेंटओएस ७ या ऑपरेटिंग सिस्टिमच्या विश्वासू रूटांच्या यादीत स्वतंत्रपणेही होतं. नवं ओपनएसएसएल तिथेच थांबलं असतं. आमचं जुनं, १.०.२ आवृत्तीचं मात्र समोरून आलेली साखळी वरपर्यंत चढलं आणि मुदत संपलेल्या रूटपाशी अडलं. ती वरची कडी जुन्या अँड्रॉइड फोनांसाठी मुद्दाम ठेवलेली होती, कारण ते रूटची मुदत बघत नाहीत. लेट्स एन्क्रिप्टने हे सगळं कितीतरी महिने आधी जाहीर केलं होतं. जुनं रूट काढणारा अपडेटही त्याच महिन्यात आला होता. बिलं झाल्यावर करू म्हणून तो मीच पुढे ढकलला होता. चूक सर्वस्वी माझी.

जुनं रूट ब्लॅकलिस्टच्या फोल्डरमध्ये टाकलं आणि यादी नव्याने तयार केली. आधी टेस्टच्या मशीनवर, मग खऱ्या सर्व्हरवर. तपासणी चालू ठेवूनच पहिली नोंद पलीकडे गेली, तेव्हा नऊ वाजत आले होते.

अण्णांना फोन लावला. मागे कॅन धुतल्याचा आवाज येत होता. "थांबा, आलाय वाटतं," म्हणत त्यांनी कुणाच्या तरी मोबाईलवरून वाचून दाखवलं, "म्हैस, चार लिटर दोनशे, फॅट सात पॉइंट एक." मी आकडे लॉगशी ताडून पाहिले आणि मगच बिलाची फाइल सोडली.