तबला अपडेट: एकच कायदा, आणि तोही आधी तोंडाने

मंडळी, पावसाळा लागल्यापासून काही टाकलं नव्हतं, म्हणून आज जरा सविस्तर. नवीन लोकांसाठी थोडक्यात सांगतो, मी सातपूरला शिफ्टमध्ये नोकरी करतो, ढोल पथकात वाजवून झालंय, तबला सुरू केला कॉलेज रोडकडच्या एका क्लासला आणि आता पंचवटीत एका गुरुजींच्या घरी जाऊन शिकतोय.

क्लास वाईट होता असं अजिबात नाही. तिथे गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांप्रमाणे शिकवायचे, प्रारंभिक, मग प्रवेशिका प्रथम, म्हणजे सत्र संपेपर्यंत त्रिताल, झपताल, एकताल, दादरा, केरवा सगळ्याची तोंडओळख होते, वहीत ताललिपी लिहिता येते आणि गाण्याच्या बैठकीत बसलं तर काय चाललंय ते कळतं. वर्ग, अभ्यासक्रम, लिपी ही घडी गायक विष्णु दिगंबर पलुस्करबुवांनी १९०१ मध्ये लाहोरला बसवली आणि पुढे तेच बुवा नाशकात येऊन राहिले, त्यामुळे आपल्या गावाला वर्गातली आणि गुरूच्या घरची अशा दोन्ही पद्धती परक्या नाहीत. फक्त वीस मिनिटांच्या बॅचमध्ये पाच-सहा जण असले की कुणाचं बोट कुठे पडतंय हे सरांनी बघायचं तरी कधी.

गुरुजींकडे वही नाहीच. पहिले बरेच दिवस तबल्याला हातही लावू दिला नाही, नुसती पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणायचे. हातावर त्रिताल धरायचा, सोळा मात्रा, नवव्याला खाली, म्हणजे टाळी नाही, आणि तोंडाने दिल्ली घराण्याचा कायदा, म्हणजे ज्याचा पुढे विस्तार करतात ती बोलांची बांधलेली रचना:

धाधा तिट धाधा तिंना
ताता तिट धाधा धिंना

मला वाटायचं हे तर पाठच आहे की. पण गुरुजी डोळे मिटून ऐकायचे आणि दुसऱ्या ओळीला थांबवायचे, "ता म्हणताना आवाज धा सारखाच येतोय रे, खाली दिसली पाहिजे." म्हणजे तोंडातच डग्गा (डाव्या हाताचा घुमणारा) बंद व्हायला हवा. हे एकदा जमलं आणि मग तबल्यावर बसलो तेव्हा खालीला डावा हात आपोआप शांत झाला, कुणी सांगावं लागलं नाही. माझ्या मते गेल्या वर्षभरातली सगळ्यात मोठी प्रगती हीच.

आता तिट. दिल्ली बाजाला, म्हणजे तिथल्या वाजवायच्या शैलीला, दोन बोटांचा बाज म्हणतात, तर्जनी आणि मधलं बोट, काम बरंचसं चाटेवर, म्हणजे पुडीच्या कडेच्या पट्टीवर. ति ला मधलं बोट शाईच्या (काळ्या गोलाच्या) मधोमध, ट ला तर्जनी तिथेच, आणि दोन्हींचा आवाज सारख्या वजनाचा. ढोलामुळे माझी ताकद खांद्यातून यायची सवय, तर गुरुजींनी माझ्या मनगटावर एक हात नुसता ठेवला, दाबला नाही, आणि म्हणाले आता वाजव. खांदा हलला की त्यांच्या हाताला कळायचं आणि ते "हं" एवढंच म्हणायचे. तसं अर्धा तास चाललं. शेवटी बोटं एकटीच हलायला लागली, आवाज लहान झाला पण इतका स्वच्छ की बाहेरच्या खोलीतून काकूंनी विचारलं आज कोण आलंय शिकायला. हे व्हिडिओ बघून होणारं काम नाही असं माझं ठाम मत झालंय, माणूस शेजारी बसलेला लागतो.

तो कायदा अजून चालूच आहे. क्लासमधले जुने मित्र विचारतात कंटाळा नाही का येत, तर नाही येत, कारण आता पलटे, म्हणजे त्याच बोलांची उलटापालट, स्वतः करायला लावलेत. नियम साधा, कायद्यातले बोल सोडून बाहेरचं काही आणायचं नाही आणि शेवट तिंनावरच. मागच्या आठवड्यात कंपनीच्या बसमध्ये मांडीवर बोटं आपटत एक सापडला:

धातिट धातिट धाधा, धाधा तिट धाधा तिंना

सुरुवात तीन-तीन-दोन. पलटा जुनाच आहे, शेकडो लोकांनी वाजवलेला असणार, पण मला तो कुणी दिला नव्हता! गुरुजींनी ऐकला आणि लगेच म्हणाले, "खाली भर." म्हणजे सुरुवातीच्या धा च्या जागी ता. मग तातिट तातिट ताता, धाधा तिट धाधा धिंना, तेही तिथल्या तिथे. एकपट आणि दुप्पट बसलंय, चौपटीत धातिटच्या दुसऱ्या तिटला ट अजून मागे राहतो, त्यावर रोज सकाळी हळू लयीत काम चालू आहे.

बाकी वाद्याचं, या पावसात काळी एक पट्टीत लावलेला तबला सुरात राहील तर शपथ, रोज बसायच्या आधी गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या विणलेल्या कडेवर, हातोडी. डग्गा सध्या वाजवून झाला की सुती कापडात गुंडाळून कपाटात.

पुढचं ठरलंय असं की दिवाळीनंतर लेहऱ्यावर (पेटीवर सतत फिरणाऱ्या चालीवर) हा कायदा पेशकारासकट, म्हणजे सुरुवातीच्या संथ रचनेसकट, दहा मिनिटं वाजवायचा आणि मगच दुसरा कायदा, बहुतेक अजराडा घराण्याचा तिस्र जातीतला, म्हणजे तीन-तीनच्या वजनाचा. नोव्हेंबर-डिसेंबरच्या सत्राला परीक्षा देऊ का विचारलं तर गुरुजी म्हणाले दे की, पण तयारी तिकडच्या सरांकडे कर, म्हणून रविवारी पुन्हा क्लासला जाणार आहे आणि दोन्ही चालू ठेवणार आहे.

नाशिकरोड किंवा इंदिरानगरकडे कुणी पेटी शिकत असेल आणि विलंबित लेहरा न हलता धरू शकत असेल तर कळवा, ॲपचा लेहरा कितीही चांगला असला तरी तो माझ्याकडे बघत नाही.