तुम्ही विचारलंत म्हणून: दारूच्या गावात कोकेनचं काय?

मागच्या महिन्यात पुन्हा तेच झालं. एका गावात ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये दारूवर बोलायला गेले होते, समोर सतरंजीवर चाळीसेक बाया, मागे भिंतीला टेकून पंधरावीस माणसं, आणि माझं बोलणं संपायच्या आतच मागून एकजण म्हणाला, "मॅडम, आपल्या तालुक्यात कोकेन कोनं डोयानं पाह्यलं का? मंग दारूच्या कार्यक्रमात कोकेन काहून सांगून राह्यल्या?" स्टाफरूममध्ये हेच विचारतात, माझ्या मावसभावानं लग्नाच्या पंगतीत हेच विचारलं, आणि एका सरपंचबाईंनी तर स्पष्टच सांगितलं की पुढच्या वेळी खर्रा आणि मोहाच्या दारूवरच बोला, ते परदेशी काही आमच्या बायांना कळत नाही.

प्रश्न बरोबर आहे, हे आधीच मान्य करते. दिल्लीच्या एम्सनं २०१९ साली देशभराचा सर्व्हे दिला, त्यात १० ते ७५ वयाच्या लोकांत दारू पिणारे १४.६ टक्के, म्हणजे साधारण १६ कोटी, आणि कोकेन घेणारे ०.१० टक्के. आमचा वर्धा जिल्हा कागदावर पन्नासेक वर्षांपासून दारूबंदीचा, पण पन्नी, म्हणजे पिशवीतली दारू, कोणाच्या घरी मिळते हे शाळेतलं पोरगंही सांगेल, आणि नाहीच मिळाली तर नदी ओलांडली की अमरावती जिल्हा. हे तुम्हाला मी काय सांगायचं.

मी प्राणिशास्त्र शिकवते, मेंदूवर स्वतः संशोधन केलेलं नाही, रात्री बसून पेपर वाचते एवढंच. आणि या प्रश्नाला माझं एक तयार उत्तर आहे जे मी दोनतीन वर्षं देत आले. ते असं, की दारू मेंदूत एकाच वेळी बऱ्याच ठिकाणी हात घालते, त्यामुळे कशानं काय झालं हे वेगळं काढणं अवघड जातं, कोकेनचं मुख्य काम त्यामानानं सरळ आहे. मेंदूच्या पेशी डोपामिन, म्हणजे हवंहवंसं वाटायला लावणारं रसायन, सोडतात आणि काम झालं की लगेच परत ओढून घेतात, शेतात सोडलेलं पाणी परत विहिरीत ओढणारा पंप असावा तसं, आणि कोकेन नेमकं त्या पंपाचं तोंड दाबून धरतं. पाणी साचत जातं. वाफ्यात सतत पाणी साचलं की मुळं सडतात तसं पुढे त्या पेशीही साथ देत नाहीत. १९८० नंतर अमेरिकेत क्रॅक, म्हणजे ओढायचं स्वस्त कोकेन, घरोघरी गेलं, सरकारनं संशोधनाला पैसा ओतला, त्याच सुमारास जिवंत माणसाच्या मेंदूत काय चाललंय हे दाखवणारा पेट स्कॅन काढता यायला लागला, म्हणून व्यसनी मेंदूबद्दलचं कितीतरी काम कोकेनच्या पेशंटांवर झालं. अमेरिकेतल्या संशोधक नोरा व्होल्कॉव आणि त्यांच्या सोबत्यांनी १९९३ साली दाखवलं की कोकेनच्या पेशंटांमध्ये डोपामिन पकडणारे डी-२ नावाचे ग्राहक (पेशीवरचे रिसेप्टर) कमी झालेले असतात, आणि ज्यांच्यात ते कमी त्यांचा कपाळामागचा, थांब म्हणणारा भागही सुस्त असतो. घेणं बंद करून तीनचार महिने झाले तरी ते ग्राहक कमीच.

हे सगळं खरं आहे. पण हे उत्तर देताना माझा आवाज वर्गातला होतो, आणि बायांना ते बरोबर कळतं, त्या एकमेकींकडे पाहतात. आता खरं कारण लिहिते. दादाला विचारून लिहिते आहे. "लिही, नाव नको टाकू," म्हणाला.

दादानं, माझ्या भावानं, त्या वर्षी होळीनंतर दारू सोडली होती. महिनाभर व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला, वजन वाढलं, शेतात जायला लागला, पऱ्हाटीला डवरा स्वतः धरला. पोळ्यापर्यंत पाच महिने झाले होते. पोळ्यासाठी मी गावी गेले होते. आदल्या दिवशी संध्याकाळी त्यानं बैलांची खांदशेकणी केली, गरम पाण्यानं खांदे शेकले, हळद आणि तूप चोळलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हणाला, आणि गोठ्यात तसाच बसून मला म्हणाला, "बाई, मले आता तिचा वासही आठवत नाही. मनातच येत नाही." मी आईला आत जाऊन सांगितलं. आई देवापुढे उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी आखरावर पोळा भरला, झडत्या झाल्या, तोरण तुटलं, बैल घरोघर निघाले. आमच्या दारात दादा आपली जोडी घेऊन आला, मी पायांवर पाणी घातलं, वहिनीनं ओवाळलं. तेवढ्यात त्याचा जुना दोस्त आपली जोडी घेऊन मागेच येऊन उभा राहिला. तो पिऊन होता. मोहाचा तो आंबूस वास तुम्हाला माहीत आहे, ओल्या हवेत तो जास्तच बसतो. मी ताट हातात धरून दादाच्या समोर उभी होते, हातभर अंतरावर. त्याच्या हातात कासरा होता आणि त्याचा अंगठा कासऱ्याच्या पिळावरून वर-खाली, वर-खाली फिरायला लागला. घशाची घाटी हलली. परत हलली. त्याच्या तोंडाला पाणी सुटलं होतं आणि तो ते गिळत होता, नजर दोस्ताकडे नव्हतीच, खाली बैलाच्या खुराकडे होती. कपाळावर घाम. मला ते सगळं दिसलं, आणि मी, जी वर्गात पोरांना पावलोवच्या कुत्र्याचा प्रयोग शिकवते, घंटा वाजली की लाळ सुटते तो, मी सगळ्यांसमोर म्हणाले, "पाहून काय राह्यला, जा ना. तुले सोडाचीच नव्हती. पाच महिने नाटक केलं आमच्यासमोर."

तो काहीच बोलला नाही. वहिनीनं दिलेला पन्नासचा बोजारा, म्हणजे पोळ्याची ओवाळणी, खिशात घातला आणि जोडी घेऊन पुढच्या दाराकडे गेला.

तासाभरानं बैल एकटेच घरी आले. झूल एका बाजूनं चिखलातून ओढत, शिंगाचं बेगड निघालेलं, कासरे जमिनीवर. आईनं काही न बोलता ते गोठ्यात बांधले आणि पुरणपोळी चारली, बैल उपाशी नाही ठेवायचे म्हणून. दादाला सकाळी चौघांनी उचलून ओट्यावर आणून टाकलं. त्या दिवशी तान्हा पोळा. गल्लीतली लहान लहान पोरं नवे कपडे घालून लाकडाचे नंदी घेऊन बोजारा मागायला दारात येत होती आणि दादाच्या पायांना वळसा घालून उभी राहत होती. मी प्रत्येकाला दहा-दहा रुपये दिले. एका पोरानं विचारलं, "काका झोपले का?"

पुढचे कितीतरी महिने मी त्याच्याशी बोलले नाही, कारण मला वाटत होतं की तो खोटं बोलला. वास आठवत नाही म्हणाला आणि चोवीस तासांत गेला, म्हणजे खोटंच की.

मग एका रात्री मला तो पेपर सापडला. न्यूयॉर्कच्या माऊंट सिनाईमधला, २०१६ सालचा. कोकेन सोडलेली ७६ माणसं, कोणाला सोडून २ दिवस झालेले, कोणाला आठवडा, कोणाला महिना, कोणाला ६ महिने, कोणाला वर्ष. डोक्याला ईईजीच्या, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरी मोजायच्या, तारा लावल्या आणि कोकेनचे फोटो दाखवले, सोबत तोंडीही विचारलं की इच्छा किती होते. तोंडी उत्तरात इच्छा काळासोबत सरळ कमी होत गेलेली. पण फोटो पाहिल्यावर मेंदूत उठणारी लाट २ दिवसवाल्यांपेक्षा महिनावाल्यांत आणि सहा महिनेवाल्यांत मोठी होती, आणि वर्षवाल्यांत खाली आलेली. उंदरांवर हेच २००१ मध्ये दिसलं होतं, कोकेन बंद केल्यावर पहिले दोन महिने, दिवस जातील तशी कोकेनची खूण दिसल्यावर, जी दाबली की आधी कोकेन मिळायचं ती दांडी दाबायची त्यांची ओढ वाढत गेली होती.

मी ती आकृती पाहत बसले. पाच महिने. म्हणजे तो चढाच्या अगदी वरच्या टोकाजवळ उभा होता, आणि त्याला खरंच काही वाटत नव्हतं. गोठ्यात बसून जे बोलला ते खरं बोलला. केंद्रातून आल्यावर त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की वाटणं कमी होईल आणि ओढ वाढलेली असेल, मलाही माहीत नव्हतं, आणि पोळ्याच्या दिवशी आम्ही त्याला बैल घेऊन दारोदार पाठवलं. २००६ च्या एका पेट स्कॅनच्या प्रयोगात कोकेनच्या १८ पेशंटांना नुसता कोकेन घेणाऱ्यांचा व्हिडिओ दाखवला तर मेंदूत, जिथे सवयी बसतात त्या भागात, डोपामिन वाढलं, आणि ज्यांचं जास्त वाढलं त्यांना तलफ जास्त. नुसता व्हिडिओ पाहून. आणि माझ्या दादासमोर तर जिवाचा दोस्त उभा होता, पोळा होता, वास होता.

तुम्ही विचारलंत ना कोकेन काहून, तर म्हणून. मला माझा भाऊ खोटारडा नाही हे ज्या कागदानं सांगितलं तो कागद कोकेनचा होता.

आता तुम्ही म्हणाल, आणि आमच्या कॉलेजातल्या केमिस्ट्रीच्या सरांनी म्हटलंच, की कोकेनचं दारूला कसं लावता. मान्य आहे, सगळं लावता येत नाही. पक्का पिणारा माणूस एकदम बंद झाला तर थरथरतो, झटके येतात, भ्रम होतो, जीवही जातो, कोकेनचं तसं होत नाही, म्हणून तर मी प्रत्येक गावात सांगते की घरात कोंडून दारू तोडायला लावू नका, आधी डॉक्टरकडे न्या. आणि उलटही आहे, दारूसाठी नाल्ट्रेक्सोनसारख्या गोळ्या आहेत, कोकेनवर इतकी वर्षं अभ्यास होऊनही एकही मान्यता मिळालेलं औषध नाही. मेंदूचे एवढे फोटो काढून हातात काय आलं असं कोणी विचारलं तर मला पटकन उत्तर देता येत नाही.

वहिनीचं म्हणणं त्याहून कठीण आहे. मी तिला तो पेपर मोबाईलवर दाखवला, लाट समजावून सांगितली, मला वाटलं तिला बरं वाटेल. ती म्हणाली, "ताई, तुमच्या भावाच्या मेंदूची लाट तुम्ही पाह्यली. मार मी खाल्ला. मंग मले काय सांगता, आजारी हाये म्हणून अजून खाऊ?" मी तिला तेव्हा काहीतरी बोलले, ते लिहीत नाही. ती बरोबर आहे. मेंदूतला बदल खरा आहे आणि तिच्या हाताचं हाडही खरंच मोडलं होतं, ते एकातून दुसरं वजा कसं करायचं हे मला आजही येत नाही. कार्यक्रमात मी "व्यसन हा आजार आहे" म्हणते तेव्हा पुढच्या रांगेत वहिनीसारख्या बाया बसलेल्या असतात, त्यांचे चेहरे मला दिसतात, आणि मी ते वाक्य आता पूर्वीइतक्या जोरात म्हणत नाही.

आणखी एक आहे जे मी कुठेच बोलत नाही. लग्नाआधी मी घरात छाती पुढे करून म्हणायची, एकाच आईबापाची आम्ही दोघं, एकाच ताटात जेवलो, मी शिकले, तो वाया गेला, म्हणजे प्रश्न मनाच्या जोराचाच आहे. मग २०१२ चा केंब्रिजचा अभ्यास वाचला, कॅरेन अर्शे यांचा. त्यांनी ५० भावंडांच्या जोड्या घेतल्या, एकाला कोकेनसारख्या उत्तेजक ड्रगचं व्यसन, दुसऱ्याला काहीच नाही. दोघांच्याही मेंदूत ब्रेक लावणाऱ्या भागात सारखेच फरक निघाले, आणि हात थांबवायच्या चाचणीत व्यसन नसलेली भावंडंही बाहेरच्या माणसांपेक्षा कच्ची पडली. म्हणजे ड्रगनं सगळं बिघडवलं असंही नाही, थोडं आधीपासून होतं, दोघांत होतं. मग ती दुसरी भावंडं कशी वाचली? अभ्यासात त्याचं पक्कं उत्तर नाही. मला माझं तरी कुठे माहीत आहे. मला होस्टेल मिळालं, त्याला सोळाव्या वर्षी बाप गेल्यावर शेत मिळालं आणि शेतावर काम करणाऱ्या मोठ्या माणसांची संगत. पोळ्याच्या दिवशी दारात ते शब्द माझ्याही तोंडातून निघालेच, थांबले कुठे. पूर्वीच्या मला हे दाखवलं असतं तर ती म्हणाली असती की ही पळवाट आहे, आणि तिला खोडून काढायला माझ्याकडे अर्धाच पुरावा आहे.

दादा त्यानंतर दोनदा सुटला, दोनदा परत गेला. मागच्या दसऱ्यापासून बंद आहे. यंदाच्या पोळ्याला आम्ही ठरवून त्याला गावात ठेवलं नाही, बैल पुतण्यानं नेले, दादा सकाळच्याच बसनं तालुक्याला माझ्याकडे आला. दिवसभर टीव्ही पाहिला, वाल निवडून दिले. संध्याकाळी बाहेर डफडं वाजायला लागलं तसा उठला, स्वतःच खिडकी लावली, कडी घातली आणि परत येऊन बसला. माझे कार्यक्रम त्यानं दोनतीन वेळा मागे बसून ऐकलेत.

"त्या लोकायचं काय झालं व, वर्षवाल्यायचं?" त्यानं विचारलं.

"त्यांची लाट खाली आली होती," मी म्हणाले.

त्यानं बोटांवर मोजलं. "मले अकरावा चालू हाये."

मी त्याला हे सांगितलं नाही की त्या अभ्यासात एकाच माणसाला वर्षभर पाहिलेलं नव्हतं. दोन दिवसवाले वेगळे, सहा महिनेवाले वेगळे, वर्षवाले वेगळे, आणि ज्यांचं वर्ष टिकलं तेच वर्षवाल्यांत मोजले गेले, मधे जे गळाले ते त्या आकृतीत कुठेच नाहीत. मी ताट वाढून आणलं. डफडं अजून वाजत होतं आणि तो खाली मान घालून पुरणपोळीचे बारीक बारीक तुकडे करत होता.