बुबुळातली रिंग आणि आमची खारी हवा

रत्नागिरीत केराटोकोनसचे पेशंट आता नवे राहिले नाहीत. बुबुळ, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा (कॉर्निया), पातळ होत जातं, मधोमध शंकूसारखं पुढे येतं, चष्म्याचा नंबर सारखा बदलतो आणि तरीही अक्षरं दोन-दोन दिसतात. आमच्याकडे येतात ती बहुतेक विशीच्या आतबाहेरची मुलं, आणि त्यातली बरीच लहानपणापासून डोळे चोळणारी. चष्म्यानं भागत नसेल आणि कॉन्टॅक्ट लेन्स डोळ्यात टिकत नसेल, तर बुबुळाच्या आत रिंग बसवता येते. तशी केस लागली की ऑपरेशनच्या इन्स्ट्रुमेंट्सचा ट्रे लावायचं काम माझ्याकडे असतं. नातेवाइकांचा प्रश्न ठरलेला: “सिस्टर, मशीन कुठलं आहे?” तो विचारायलाच हवा. पण त्या ट्रेबद्दल कुणीच विचारत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

रिंग म्हणतात, पण ते पूर्ण कडं नसतं. पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचा कमानीसारखा तुकडा असतो, जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास किंवा थोडी जास्त. निरोगी बुबुळच मधोमध साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतं आणि ह्या पेशंटांचं त्याहून पातळ. म्हणून तुकडा मध्यापासून लांब, जाड भागात बसवतात. कडेला कमान बसली की मधला उंचवटा ताणला जाऊन सपाट होतो.

तुकडा सरकवायला बुबुळात बोगदा लागतो. फेम्टोसेकंद लेसर असतो तिथे तो लेसर पाडतो. आमच्याकडे तो हातानं पाडतात. पॅकीमीटरनं छेदाच्या जागेची जाडी मोजायची, डायमंड नाइफ त्या जाडीच्या साधारण 70 टक्के खोलीला लावायचा आणि एक बारीकसा छेद घ्यायचा. धारेचं काम तिथेच संपतं. पुढची सगळी इन्स्ट्रुमेंट्स बोथट असतात, आणि ह्या सेटमधलं खरं कौतुक मला त्या बोथटपणाचंच वाटतं. बुबुळ एकावर एक बसलेल्या पातळ थरांचं असतं. छेदाच्या तळाशी बोथट हुक घालून थर सुटे करतात, केळीच्या खुंटाचं सोपट सुटं करावं तसे. मग सक्शन रिंगनं डोळा स्थिर धरून कमानदार डिसेक्टर, म्हणजे थर सुटे करायचं पातं, फिरवतात: एक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेचा, दुसरा उलट दिशेचा. त्याला धार असती तर तो थर कापत वर तरी आला असता, नाहीतर खाली डोळ्यात तरी घुसला असता. बोथट असल्यानं दोन थरांमधूनच वाट काढतो. शेवटी रिंग फोर्सेपनं (चिमट्यानं) धरून बोगद्यात सरकवतात आणि तिच्या टोकाच्या भोकात सिन्स्की हुक अडकवून जागेवर नेतात.

आता ट्रेचा मुद्दा. मोतीबिंदूच्या ऑपरेशनात डोळ्याच्या आत पाणी फिरत असतं, बारीकसारीक काही राहिलं तर बरंचसं धुऊन निघतं. बुबुळाच्या दोन थरांमध्ये तसं फिरणारं पाणी नाही आणि रक्तवाहिन्याही नाहीत. तिथे गेलेला कापसाचा तंतू किंवा इन्स्ट्रुमेंटवर वाळलेला साबणाचा अंश तिथेच राहतो, आणि नजर बुबुळातूनच जायची असते.

लेसिकमध्येही, म्हणजे चष्म्याचा नंबर घालवायच्या लेसर ऑपरेशनात, बुबुळाचे थर असेच सुटे होतात. त्या ऑपरेशननंतर थरांच्या मध्ये येणाऱ्या एका सुजेचं वर्णन 1998 मध्ये पहिल्यांदा छापून आलं. तिची कारणं अनेक आहेत, पण काही ठिकाणी ओळीनं केसेस झाल्या तेव्हा माग थेट ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे वाफेनं इन्स्ट्रुमेंट्स निर्जंतुक करायच्या मशीनच्या, पाण्याच्या टाकीपर्यंत गेला. साचलेल्या पाण्यात बॅक्टेरियांचा बुळबुळीत थर धरला होता. वाफेनं बॅक्टेरिया मेले, पण त्यांच्या आवरणातलं विष 121 डिग्रीलाही दाद देत नाही, ते वाफेबरोबर इन्स्ट्रुमेंटवर जाऊन बसलं. सायकल पूर्ण झाली, पॅकवरच्या इंडिकेटर टेपवर वाफ लागल्याच्या काळ्या रेघा उमटल्या, एवढ्यावर ट्रे चांगला म्हणता येत नाही.

आमच्या हवेत तर अजिबातच नाही. मिऱ्याच्या किनाऱ्याकडून वारा सुटला की खिडकीच्या गजांवर मीठ बसतं. स्टेनलेस स्टीललासुद्धा मिठातलं क्लोराइड खातं, आधी सुईच्या टोकाएवढा ठिपका, मग खड्डा, आणि त्या खड्ड्यात घाण. सलाइन इन्स्ट्रुमेंटवर वाळलं तरी तेच. म्हणून केस संपली की लगेच डिस्टिल्ड पाणी, चहा नंतर. टाकी रोज संध्याकाळी रिकामी करून कोरडी करायची. पावसाळ्यात कापडात गुंडाळलेला पॅक ओलसर निघाला तर तो परत ऑटोक्लेव्हला लावायचा, कारण ओल्या कापडातून जंतू आत शिरतात. सायकलमध्ये लाईट गेली, जी जुलैत हमखास जाते, तर पहिल्यापासून सुरुवात. फोर्सेपची टोकं आणि हिऱ्याची कड मी मायक्रोस्कोपखाली बघते. हिरा कठीण असला तरी धातूला टेकला की कपरी उडते आणि ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. नव्या मुलींना मी आधी हे शिकवते, ट्रे लावायला त्यानंतर.

बुबुळ किती नाजूक हिशोबावर जगतं ते लेन्सच्या इतिहासातही दिसतं. बोगोटाचे होसे बाराकेर यांनी 1949 च्या सुमाराला बुबुळात काचेच्या आणि प्लॅस्टिकच्या चकत्या घालून पाहिल्या. बुबुळाला साखर मिळते आतल्या पाण्यातून. चकतीनं ती वाट अडवली आणि पुढचा थर मरायला लागला. म्हणून 2015 मध्ये अमेरिकेत चाळिशीच्या नंबरासाठी मंजुरी मिळालेल्या कामरा इनलेला, म्हणजे बुबुळात बसवायच्या चकतीला, तब्बल 8,400 सूक्ष्म छिद्रं ठेवलेली आहेत. रेनड्रॉप नावाची 2 मिलिमीटरची जेलची लेन्स 2016 मध्ये मंजूर झाली, पण बुबुळ धूसर होण्याचा धोका दिसल्यानं 2018 मध्ये परत मागवली गेली.

आणखी एक, जे पालकांना दोनदा सांगावं लागतं: रिंगनं बुबुळाचा आकार सुधारतो, आजार थांबत नाही. तो थांबवायला बहुतेकदा रिबोफ्लेविनचे थेंब आणि अतिनील किरणांचं क्रॉस-लिंकिंग, म्हणजे बुबुळ घट्ट करायचा उपचार, लागतो. आणि डोळे चोळणं बंद, अगदी बंद. खाज येत असेल तर थेंब घ्यायला या.

आमच्याकडे कॉर्नियाचे डॉक्टर ठरलेल्या दिवशी बाहेरून येतात, त्यामुळे त्या दिवशी जमतील तेवढ्या केसेस उरकाव्यात असं सगळ्यांनाच वाटतं, आणि दोन केसच्या मधे धुणं-वाळवणं आखडतं घेतलं जातं. मी डॉक्टरांशी बोलले. आता डिसेक्टरचे सेट जेवढे, तेवढ्याच रिंगच्या केसेस यादीत लागतात. सध्या सेट दोन आहेत. तिसऱ्याची मागणी गेली आहे, आणि तो टायटॅनियमचाच घ्यावा असं मी लिहून दिलंय.