दोन चौकोनी, एक त्रिकोणी आणि ऐंशी वादक

निन्टेंडोच्या फॅमिकॉम या जुन्या गेमयंत्राच्या चिपमध्ये आवाजाच्या वाटा पाच: दोन चौकोनी लहरी, एक त्रिकोणी, एक नुसती खरखर आणि पाचवी रेकॉर्ड केलेल्या छोट्या तुकड्यांसाठी. 1986 च्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’ या गेमला कोइची सुगियामांनी एवढ्याच भांडवलावर संगीत दिलं आणि ऑगस्ट 1987 मध्ये टोकियोच्या सनटोरी हॉलमध्ये ते वाद्यवृंदाने वाजवलंही. (आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटलं की निवेदक आणि हिंदी गाणी आठवतात. तो नव्हे.)

अशी धून मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहायला घेतली की आधी खोडरबर लागतो. चिपच्या एका वाटेतून एका वेळी एकच सूर निघतो, म्हणून सा-ग-प इतक्या वेगाने गरगर फिरवलेले असतात की कानाला कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, भासते. व्हायोलिनला ते जसंच्या तसं लिहून दिलं तर नुसती खरवड ऐकू येते. ते तीन सूर क्लॅरिनेट आणि व्हायोलांना वाटून लांब धरायला सांगा, काम झालं. प्रतिध्वनीचंही तेच. चिपवर दुसरी चौकोनी लहर तीच धून किंचित उशिरा, दबक्या आवाजात वाजवते. चांगल्या हॉलचा स्वतःचा घुमारा दोन सेकंदांच्या आसपास असतो. त्यात ही ओळ दुसऱ्या व्हायोलिनना दिली की चिखल झालाच म्हणून समजा. ती सरळ काढून टाकायची.

त्रिकोणी लहरीला आवाजाची पातळीच नसते, एक तर चालू नाही तर बंद. बेसची, म्हणजे खालच्या सुरांची, ओळ बहुधा तीच वाजवते. ती एकट्या डबल बेसवर टाकली तर बुडते. वरच्या सप्तकात चेलो बोटांनी छेडत ठेवा आणि जोडीला बॅसून हे खर्जातलं फुंकवाद्य द्या, मग तिचा टोक असलेला ठसका परत येतो.

चिपला श्वास लागत नाही, हॉर्नवाल्याला लागतो. सोळा मात्रा सलग असतील तर दोघांत वाटा आणि जोडाचा सूर दोघांनाही द्या. लढाईची धून तीनदा घ्यायची असेल तर दुसऱ्या फेरीत ट्रम्पेटना गप्प बसवा. नाहीतर ओठ थकतात आणि तिसऱ्या फेरीतला वरचा सूर फाटतो, तोही नेमका लोक ज्याची वाट बघत असतात तो.

लयीचं गणितही चिपचंच. पडद्यावर सेकंदाला सुमारे 60 चित्रं, म्हणजे फ्रेम, आणि सूर बहुधा पूर्ण फ्रेममध्येच मोजलेले. पाव मात्रेला 6 फ्रेम म्हणजे मिनिटाला 150 मात्रा. 7 केले की एकदम 128.6. हॉलमध्ये 150 ने पितळी वाद्यांचे बारीक सूर विरघळतात. 140 पर्यंत उतरवलं तरी कुणी तक्रार करत नाही.

खरा पेच शेवटाचा. गेममधली धून म्हणजे न संपणारं आवर्तन. शेवटची मात्रा मुद्दाम पंचमाच्या कॉर्डवर लटकवलेली, पुन्हा समेकडे ढकलायला. मैफलीत तिथेच थांबलात तर टाळी पडत नाही, लोक थांबून राहतात. षड्जावर नीट उतरवणाऱ्या चार-आठ मात्रा नव्याने लिहाव्याच लागतात. आवाज हळूहळू विरवत नेणं हा रेकॉर्डिंगचा मार्ग. ऐंशी माणसं तसं करायला गेली की निम्मे आधी संपतात.

मागे पडद्यावर गेम दाखवायचा असेल तर कंडक्टरच्या कानात क्लिक, म्हणजे लय मोजणारी टिकटिक, येते आणि शेवटचा सूर रेंगाळू देण्याची मुभा जाते. निर्माते थॉमस ब्योकर यांच्या 2009 च्या जर्मनीतल्या कलोनमधल्या ‘सिम्फनिक फँटसीज’ या गेम-संगीताच्या मैफलीत पडदा नव्हता, मला तोच रस्ता बरोबर वाटतो. पडदा हवाच असेल तर निदान ड्रमरला कान पूर्ण झाकणारा हेडफोन द्या. गळ्यात लटकणाऱ्या हेडफोनची टिकटिक शेजारच्या माइकमध्ये शिरते, आणि ऐकू येते ती बासरी एकटी वाजत असताना.