फेडर ओढला, म्यूट नाही

2024 चा मे. नाशिकचं मतदान 20 तारखेला होतं, त्याच्या आठेक दिवस आधी पंचवटीत एका हॉलमध्ये मेळावा, साऊंड माझा. पक्ष कुठला, नेते कोण ते लिहीत नाही. सोळा वर्षांत मी सगळ्यांच्याच सभा वाजवल्यात, आणि माईकवर टकटक करून "हॅलो हॅलो" करायची सवय एकाचीही सुटलेली नाही.

नेत्याचा माईक लावणं हे वेगळंच काम असतं. हे लोक पहिली दोन मिनिटं हळू बोलतात, मग एकदम ओरडतात, म्हणून कॉम्प्रेसर, म्हणजे एकदम चढणारा आवाज दाबून धरणारी सोय, आधीच घट्ट लावून ठेवायचा, नाहीतर ऐन टाळीच्या वाक्याला आवाज फाटतो. फेडर म्हणजे मिक्सरवरची आवाज कमीजास्त करायची सरकती कळ. प्रेसवाल्यांना आवाज जातो तो मी प्री-फेडर ऑक्सवरून, म्हणजे त्या कळीच्या आधीच निघणाऱ्या वेगळ्या वाटेने देतो, म्हणजे हॉलमध्ये मी कितीही खालीवर केलं तरी त्यांचं रेकॉर्डिंग हलत नाही. म्यूट दाबलं तर मात्र तिकडचाही आवाज जातो. पुढचं सगळं यावरच आहे.

साहेब पाऊण तास बोलले. आपले कोण, परके कोण, कोणापासून सावध राहायचं. मध्येच काळाराम सत्याग्रहाचं नाव घेतलं. 2 मार्च 1930 ला बाबासाहेबांनी सुरू केलेला तो सत्याग्रह, हॉलपासून चालत दहा मिनिटांवर. माझे पणजोबा त्या गर्दीत होते असं घरी सांगतात, वर्षानुवर्षं चालला तरी दार काही उघडलं नाही. ज्यांना दाराबाहेर ठेवलं त्यांचं नाव घेऊन हा माणूस आज दुसऱ्या कोणालातरी बाहेर ठेवा म्हणत होता, आणि तो आवाज स्वच्छ जावा म्हणून मी ईक्यू करत बसलो होतो. कधी नव्हे ते लाज वाटली.

मग सूत्रसंचालक म्हणाला, कोणाला काही विचारायचंय? असं फक्त म्हणायचं असतं, माईक ठरलेल्या माणसाकडेच जातो. पण आमचा पोरगा नवा होता, ज्यांनी हात वर केला त्या मावशींना त्याने कॉर्डलेस देऊन टाकला. कांद्यावरची निर्यातबंदी आठवडाभरापूर्वी, 4 मे ला उठली होती, वर 40 टक्के निर्यात शुल्क होतंच.

मावशी म्हणाल्या, "साहेब, डिसेंबरात बंदी आली तवा लाल कांदा शेतातच व्हता. तो काय ठेवता येतो का? माझ्याबी कांद्याला भाव नव्हता न शेजारच्या मुसलमानाच्याबी नव्हता. बंदी घालताना जात इचारली व्हती का?"

स्टेजवरून एकाने माझ्याकडे बघून गळ्यावरून हात फिरवला. मी बंद केला. हॉलमध्ये मावशींचे ओठ हलत होते, मागच्या रांगांना काहीच कळलं नाही, लगेच घोषणा सुरू झाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॉट्सॲपवर क्लिप आली. पुढचं वाक्य त्यात स्वच्छ, "मग आता मत मागताना कामून इचारता?"

मी फेडर खाली ओढला होता. म्यूट नव्हतं केलं. कॉर्डलेस बंद करायचा तर मी कायम म्यूटच दाबतो, सोळा वर्षांची सवय आहे, बोट न बघता तिथे जातं. त्या दिवशी का नाही गेलं? मुद्दाम केलं म्हणावं तर तसा विचार केल्याचं आठवत नाही, आणि चुकलं म्हणावं तर असं कधी चुकत नाही. मुद्दाम केलं असेल तर हॉलमध्ये तरी आवाज का घालवला, तिथे बसलेली माणसं ऐकायलाच आली होती ना.

आयोजकांचा फोन आला. बिल अडकलेलं होतं. मी म्हणालो, "चुकून झालं साहेब." चार दिवसांनी पैसे आले. मावशी सगळ्यांसमोर उभ्या राहून बोलल्या आणि मला फोनवर एकट्या माणसाला खरं सांगता आलं नाही, हे अजून टोचतं.

आता बुकिंग घेतानाच सांगतो, प्रश्नांचा माईक दिला तर तो मी मध्ये बंद करणार नाही. एकाने चालेल म्हटलं. दुसऱ्याने विचार करून सांगतो म्हटलं, त्याचा फोन आला नाही.