ड्रॉइंगच्या बाई आणि लिनोचा ठसा

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असे पत्र आले आणि डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या त्या ड्रॉइंगच्या बाई. इतर गुरुजनांचे ऋण आहेच. पण आज बाईंबद्दलच लिहू द्या.

आठवीत त्यांनी लिनोकट शिकवला: लिनोच्या, म्हणजे लिनोलियमच्या ठोकळ्यावर चित्र कोरायचे, त्यावर रोलरने शाई लावायची आणि कागदावर ठसा घ्यायचा. “कोराल ते पांढरं राहील, ठेवाल ते छापलं जाईल,” एवढ्यात सगळे आले. हत्यार हातात देण्याआधी दोन ताकिदी: मोकळा हात पात्याच्या पुढे आणायचा नाही, आणि वळण आले की हत्यार नव्हे, ठोकळा फिरवायचा. ताठर लिनो आधी उन्हात ठेवायचा, मऊ कोरला जातो. शाईची पारख त्या कानाने करायच्या. काचेवर रोलर फिरताना बारीक चरचर ऐकू आली पाहिजे. चिकट, ओला आवाज आला की शाई जास्त झाली आणि नाजूक रेघा बुजणार.

संमेलनाच्या निमंत्रणपत्रिकेवर आमच्या वर्गाने कोरलेले झाड होते. चमच्याच्या पाठीने कागद घासत छपाई चालली होती. एका प्रतीत बुंधा फिका उमटला. कागद पूर्ण उचलून टाकून देणार, तोच बाई आल्या. त्यांनी एक बाजू तळहाताने घट्ट दाबली, दुसरी अलगद उचलली, फिक्या जागेवर रोलर फिरवला, कागद होता तसा खाली सोडला आणि पुन्हा चमचा घासला. बुंधा काळाभोर! एकही रेघ दुहेरी झाली नव्हती. असे शिकवणारे माणूस मला पुढे कलाशाळेतही भेटले नाही.

आज मी छापचित्रेच करतो, नवशिक्यांना शिकवतोही. नंदलाल बोस यांचे १९३० चे, काठी घेऊन निघालेल्या गांधीजींचे लिनोकट आधी दाखवतो: काळ्यातून काढलेल्या किती मोजक्या रेघा! मग एकाच ठोकळ्यातून अनेक रंग, फिक्याकडून गडदाकडे, दर रंगानंतर आणखी कोरत. कोरलेले परत येत नाही, म्हणून पहिल्या रंगाच्या प्रती जास्तच काढून ठेवायच्या.

शाळेत ड्रॉइंगचे तास कमी झाले, हत्यारांचे कपाट बंदच असते, असे कळले. फार वाईट वाटले. मुख्याध्यापकांना विनंती आहे, शनिवारी ते कपाट उघडू द्यावे. हत्यारांना धार लावून देईन, लिनो आणि शाईही मीच आणीन.