तुम्ही विचारलंत म्हणून: बेदीला बसवून शिवलकर कशाला?

ऑफिसात डबे उघडले की, लोकलमध्ये चौथी सीट मिळाली की, मेव्हण्याकडे बारशाला गेलो की, हाच प्रश्न. भारताची सर्वकालीन अकरा काढायला बसलो की दहा नावांपर्यंत सगळे माझ्याबरोबर असतात. डावखुऱ्या स्पिनरच्या जागी मी पद्माकर शिवलकर म्हटलं की कुणीतरी हमखास म्हणतं, "अहो, पण ते एकही टेस्ट खेळले नाहीत ना?"

नाही खेळले. प्रथम श्रेणीत ५८९ विकेट, सरासरी वीसच्या आत, आणि टेस्ट भोपळा. त्याच जागेवर तुम्ही ज्याला घेता, त्या डावखुऱ्या स्पिनर बिशनसिंग बेदीच्या ६७ टेस्ट आणि २६६ विकेटही मला पाठ आहेत. दरवेळी बातमी दिल्यासारखं सांगू नका.

आणि तुमच्या जागतिक अकरात बॅरी रिचर्ड्स सलामीला असतो, त्याचं काय? चार टेस्ट, ५०८ धावा. वर्णभेदामुळे दक्षिण आफ्रिका बाहेर गेली आणि त्याचं पुढचं सगळं राहिलं, म्हणून तुम्ही हळहळता आणि त्याच्या काउंटीतल्या धावा जमेला धरता. मग चार चालतात आणि शून्य चालत नाही, ही रेघ कुणी मारली? बेदी त्याच काळात नसते तर शिवलकर किती खेळले असते, हा हिशोब तुम्ही का करत नाही?

हे सगळं मी लोकलमध्ये सांगतो. हे खरं कारण नाही.

खरं कारण १९९६च्या गणपतीतलं आहे. आम्ही तेव्हा नौपाड्यात चाळीत राहायचो. गणपतीपुढे रात्री जागायला चार-सहा जण बसायचे, बदाम सात चालायचं, किटलीतला चहा आणि अकरा काढणं. मी बावीस वर्षांचा, आणि माझ्याकडे वही होती. दोनशे पानी, निळ्या शाईत सगळ्यांचे आकडे. त्या वहीच्या जोरावर मी कुणालाही गप्प करायचो. आज ती वही दिसली तर माझं मलाच ओशाळवाणं होतं.

तळमजल्यावरचे काका वागळे इस्टेटमध्ये फिटर होते. पावसाळ्यात रविवारी मुंबईतल्या क्लबांची कांगा लीग खेळलेले, खालच्या डिव्हिजनमध्ये, डावखुरे स्पिनर. त्या रात्री त्यांनी पॅडीचं, म्हणजे शिवलकरांचं, नाव घेतलं. मी वही उघडून म्हटलं, "टेस्ट किती?"

ते चिडले नाहीत. मद्रासची गोष्ट सांगायला लागले. १९७२-७३ची रणजी फायनल, चेपॉकचं मैदान, तामिळनाडूनं पिचचा फिरकीसाठी आखाडा बनवून ठेवलेला. मुंबई १५१. मग पॅडीनं १६ धावांत आठ काढले आणि त्यांना ८०मध्ये गुंडाळलं. दुसऱ्या डावात पुन्हा पाच, उरलेले पाच मुंबईच्याच एकनाथ सोलकरचे, सगळे ६१. सांगता सांगता काकांनी प्रसादाच्या ताटातलं मोसंबं उचललं. तर्जनी आणि मधलं बोट फाकवून सालीवर टेकवली, मनगट जरासं वळवलं. "बघ, बॅट्समनला वाटतं पोचलो. तो पोचत नाही."

मी म्हटलं, "काका, रणजीत काय, माझी आजीपण काढेल विकेटी. भारी असता तर घेतलं असतं ना टीममध्ये?"

सगळे हसले, अगदी चहा आणणारा पोरगासुद्धा. काकांनी मोसंबं ताटात परत ठेवलं, देठाची बाजू वर येईल असं नीट फिरवून. हातातले पत्ते उलटे ठेवले, चपला घातल्या आणि गेले. पुढच्या वर्षी आरतीला आले, जागायला बसले नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही.

मी ते वाक्य शिवलकरांबद्दल बोललो होतो, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. चाळीत खालच्या डिव्हिजनमध्ये खेळलेला माणूस एकच होता. फायनल बघायला काका बिनपगारी रजा टाकून मद्रासला गेले होते, हे पुढे काकूंकडून कळलं. तिसऱ्या दिवशी खेळ सुरू होतो न होतो तोच मॅच संपली आणि परतीच्या तिकिटाच्या तारखेपर्यंत हे मरीनावर भटकत बसले.

म्हणजे मी प्रायश्चित्त म्हणून बेदीला बसवतोय? असेलही. शिवलकरांना बॉलिंग टाकताना मी एकदाही पाहिलेलं नाही. पण बेदींना तरी तुम्ही कुठे पाहिलंय?

माझ्या बाजूनं एक भोक आहे, तेही सांगतो. २ नोव्हेंबर २०२५ला नेरुळला डी. वाय. पाटीलवर आपल्या मुली वर्ल्ड कप जिंकल्या. मध्यरात्री गर्दीतून बाहेर पडताना लेकीनं विचारलं, "बाबा, यांचा कोच अमोल मुजुमदार पण एकही टेस्ट खेळला नाही ना? ११,१६७ रन. तो का नाही तुझ्या टीममध्ये?" मी म्हटलं, बॅटिंगला जागा नाही. ती म्हणाली, "मग बॉलिंगला बरी जागा झाली." मी रिक्षा शोधायला लागलो.

शिवलकर मार्च २०२५मध्ये गेले, तेव्हा मी काकांना भेटायला गेलो होतो. आता घोडबंदर रोडला मुलाकडे असतात, बाविसाव्या मजल्यावर. ऐकायला कमी येतं. मी जवळ बसून मोठ्यानं सांगितलं, माझ्या अकरात पॅडी आहे. माफी मागायची हीच पद्धत मला सुचली.

काका म्हणाले, "आणि बेदी?"

"बाहेर."

"वेडा आहेस का तू?" मग बेदींची फ्लाइट, बेदींची लय, वीस मिनिटं. सून दोनदा चहा विचारून गेली. ते मनापासून बोलत होते की एकोणतीस वर्षांनी माझी फिरकी घेत होते, मला कळलं नाही. लिफ्टपर्यंत सोडायला आले. दार बंद होताना डावा हात वर, दोन बोटं फाकवलेली. "जागतिक काढशील तेव्हा इंग्लंडच्या डावखुऱ्या अंडरवुडचाही विचार कर रे."